मांगरातली फियाट, आरसीचा पत्ता नाही, घेऊ का?

या वेळचं पत्र देवगड तालुक्यातून आलंय, थोडं कापून देतोय:

"दादा, माझं वय २७, आंब्याचा सीझन संपला की पंप नि मोटारी रिपेअर करतो, त्यामुळे हाताला ग्रीसची सवय आहे. शेजारच्या वाडीत एका मांगरात (शेतावरच्या खोपीत) प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, पडून आहे, मालक मुंबईचे, ते २००४ साली वारले. घर नि कलमं बघणारे आबा म्हणतात ६० हजार दे नि 'घेवन जा रे झिला, कोण इचारता तिका?' आरसी बुक नाही, इन्शुरन्स नाही, मुंबईचा तीन अक्षरी जुना नंबर तेवढा प्लेटवर आहे. आबा नोटरी करून द्यायला तयार आहेत. एक एजंट म्हणतो दुसऱ्या पद्मिनीचे कागद आणून हिच्यावर बसवतो, २५ हजारात काम होईल. गाडी १९७९ ची आहे म्हणतात, मग अजून थोडी वर्षं थांबलो तर व्हिंटेजमध्ये नाही का होणार? आणि समजा नावावर नाहीच झाली तर वाडीत नि पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) फिरवायला काय हरकत आहे? पोरगा येडा झालाय असं घरचे म्हणतात. काय करू?"

अरे, घरच्यांचं सोड, मांगरातली फियाट बघून ज्याचं काळीज हललं नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण आता तुझ्या कामाचं बोलू.

आरसी बुक नाही म्हणून तू घाबरलायस, पण बुक हरवणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. बुक म्हणजे काय, आरटीओच्या रजिस्टरमध्ये जी नोंद आहे तिची मालकाच्या हातात दिलेली प्रत, ती उंदरांनी खाल्ली, पावसात भिजली, बिऱ्हाड बदलताना गेली तर डुप्लिकेट निघते, त्यासाठी फॉर्म २६ आहे, पोलिसांचा गहाळ झाल्याचा दाखला लागतो आणि अर्ज मालकाने करायचा असतो. हे शेवटचे शब्द परत वाच, अर्ज मालकाने करायचा. आबांनी नाही, तू नाही, एजंटने तर नाहीच नाही. म्हणजे तुझ्यापुढे दोनच प्रश्न आहेत, आरटीओच्या रेकॉर्डला ही गाडी अजून जिवंत आहे का आणि त्या रेकॉर्डवर ज्यांचं नाव आहे त्यांच्या जागी आज कायद्याने सही करू शकेल असं कोण आहे. या दोघांची उत्तरं मिळाली की गाडी घे, मग ती दगडावर उभी असली तरी चालेल, आणि मिळाली नाहीत तर ती सेल्फ मारल्यावर पहिल्या झटक्यात चालू झाली तरी घेऊ नको.

आता आबांचं बघ. आबा माणूस चांगला असणार, वीस वर्षं दुसऱ्याची गाडी छपराखाली ठेवली हेच खूप झालं, पण राखण करणारा म्हणजे मालक नव्हे आणि नोटरीचा शिक्का मारून तो मालक होत नाही. नोटरी काय सांगते, तर अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली, बस. सही करणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही हे नोटरी सांगत नाही. तू देवगडचा आहेस, सामायिक सातबारावर चौदा नावं असतात नि त्यातला एकजण, किंवा त्यातलाही नसलेला एकजण, स्टॅम्प पेपरवर जमीन विकून मोकळा होतो आणि मग पंचवीस वर्षं कणकवलीला तारखा, हे तुला मी सांगायला नको. गाडीचं तसंच आहे, फक्त तारखा कमी आणि टोइंग जास्त.

म्हणून पहिलं काम, गाडीला हात न लावता नंबर उतरून घे. प्लेटवरचा तर घेच पण प्लेटवर विश्वास ठेवू नको, प्लेट कुणीही स्क्रूने लावतो. बॉनेट उघड, आतली कंपनीची प्लेट बघ, बॉडीवर ठोकलेला चासी नंबर शोध, इंजिन ब्लॉकवरचा नंबर शोध, सगळ्यांचे उजेडात फोटो काढ आणि चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घे, म्हणजे वर कागद धरायचा नि पेन्सिल आडवी घासायची. आरटीओत पुढे हाच प्रिंट मागतात. आता इथे कोकणचं एक खास दुखणं आहे, खारा वारा नि वर तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यामुळे नंबर जिथे ठोकलेला असतो तो पत्राच फुगून पापुद्रे सुटलेले असतात. असं असेल तर ग्राइंडर, वायर ब्रश, पॉलिश पेपर यातलं काहीही लावायचं नाही. थोडं डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल लावून रात्रभर ठेव, दुसऱ्या दिवशी मऊ फडक्याने पूस, पुन्हा लाव, पुन्हा पूस, चार दिवस लागले तरी चालतील. आणि डेंटरला गाडीच्या आसपास फिरकू देऊ नको. डेंटर हा मनाने फार उदार असतो, तो म्हणणार हा पत्रा सडलाय शेट, कापून नवीन मारतो, आणि तो पत्रा म्हणजे नेमका तुझ्या गाडीचा जन्मदाखला निघणार. नंबर गेला की तोच नंबर परत ठोकून घ्यायला आरटीओची परवानगी लागते आणि त्यासाठी आधी गाडी तीच आहे हे सिद्ध करावं लागतं, जे कागद नसताना तू कसं करणार? स्वतःच्या हाताने नंबर ठोकलास तर मग तो गुन्हाच झाला.

इंजिन नंबर न जुळण्याची पण तयारी ठेव. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं पेट्रोल, पण चाळीस-पन्नास वर्षांत कुणी दुसऱ्या फियाटचं इंजिन घातलं, कुणी डिझेल बसवलं, कुणी गॅस किट लावलं नि आरसीवर चढवलंच नाही. मालकाच्या संमतीने नि आरटीओच्या मंजुरीने इंजिन बदलाची नोंद होते, पण रेकॉर्ड पेट्रोलचं नि पोटात डिझेल असं असेल तर तो डोक्याला मोठा ताप आहे, भाव करताना हे लक्षात ठेव. गॅसची टाकी असेल तर ती सरळ काढून टाकायची असं धरून चाल.

अजून एक बघ, दरवाजे उघडून कडांना, डिकीच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे जुना रंग कुठला दिसतो ते. खाली काळा नि वर पिवळा सापडला तर ती काळीपिवळी होती. वाईट काही नाही त्यात, मुंबईची टॅक्सी म्हणजे पद्मिनीच, शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये पासिंग झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली, पेपरात फोटो आले होते बघ. पण टॅक्सी असेल तर रेकॉर्डला ती ट्रान्सपोर्ट गाडी असणार, परमिट सरेंडर केलं का, प्रायव्हेटमध्ये रूपांतर झालं का, हे सगळं निघणार. तसं न करता नुसता पांढरा रंग मारून गावाला आणलेली असेल तर मी म्हणेन नमस्कार कर नि पुढे जा.

नंबर हातात आले की एम-परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाक. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, मधे मधे फुल्या असतात, पण रजिस्ट्रेशनची तारीख, कुठलं आरटीओ, बोजा आहे का, ते दिसतं. तुझा नंबर मात्र तीन अक्षरी आहे, म्हणजे १९८९ ला एमएच सिरीज आली त्याच्या आधीचा, त्यामुळे बहुतेक काहीच दिसणार नाही. तिथे निराश होऊन फोन फेकू नको, जुन्या हजारो गाड्या कॉम्प्युटरवर चढलेल्याच नाहीत, त्या कागदी रजिस्टरात असतात आणि कागद दाखवून त्यांची बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. ही एन्ट्री होत नाही तोवर ऑनलाइन काहीच हलत नाही, हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसुद्धा बुक होत नाही, आणि ती प्लेट आता एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते.

रजिस्टरमधल्या नोंदीचा जो उतारा मिळतो त्याला बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. हा तुझ्यासाठी सोन्याचा कागद. मुंबईचा जुना नंबर आहे म्हणजे शोध बहुधा ताडदेवला सुरू करायचा, ओरोसला म्हणजे आपल्या सिंधुदुर्गच्या आरटीओत नाही. त्यात बघायचं काय, तर मालकाचं नाव तेच आहे का जे गावात सांगतात, चासी नंबर तुझ्या पेन्सिल प्रिंटशी जुळतो का, रजिस्ट्रेशन कुठवर व्हॅलिड होतं, टॅक्स बाकी आहे का, नोंद रद्द झालीय का, आणि एचपीची, म्हणजे कर्जाच्या बोजाची, नोंद. हे शेवटचं लोक विसरतात. त्या काळी गाडी कर्जावर घेतली असेल, कर्ज केव्हाच फिटलं असेल पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी भरलाच नसेल. बँक असेल तर ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली तरी पत्र देणारा कुणीतरी सापडतो, पण एखादी फायनान्स कंपनी असेल नि ती केव्हाच बंद पडली असेल तर पत्र कुणाकडून आणणार, ही फाइल वर्षभर तशीच फिरत राहते. आणि नोंद रद्द झालेली असेल, म्हणजे गाडी भंगार म्हणून दाखवून कुणी रजिस्ट्रेशन कॅन्सल केलं असेल, तर मग विषयच संपला.

चोरीचं पण बघून घे, एनसीआरबीच्या सरकारी पोर्टलवर नंबर, चासी, इंजिन टाकून ती गाडी चोरीच्या यादीत नाही असा दाखला घरबसल्या काढता येतो. ते तू आजसुद्धा करू शकतोस.

आता माणसं. मालक वारले २००४ ला, म्हणजे त्यांच्या वारसांपैकी कुणाच्या तरी नावावर गाडी आधी यायला हवी, त्याला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला, वारस कोण त्याचं अ‍ॅफिडेव्हिट किंवा कोर्टाचा वारस दाखला आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. कायद्यात मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवा नि ३ महिन्यांत अर्ज करा असं आहे, ती मुदत केव्हाच उलटली, दंड भरून होतं. मग त्या वारसाच्या नावाने डुप्लिकेट आरसी आणि रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, आणि मग तुझ्या नावावर करायला नेहमीचे फॉर्म २९ आणि ३०. कुठली फाइल कशाच्या बरोबर लावायची हे आधी ऑफिसात जाऊन विचार, एकात एक अडकलेलं असतं, इन्शुरन्सवाला म्हणतो आरसी दाखव नि आरसीवाला म्हणतो इन्शुरन्स दाखव. पण क्रम मनात पक्का ठेव, मयत मालक, मग वारस, मग तू. मधली पायरी गाळून थेट तुझ्या नावावर करून देतो असं जो म्हणेल तो मयत माणसाची सही स्वतः मारणार आहे, हे समजून घे.

वारस शोधायला तुला मुंबईला हेलपाटे घालायची गरजच नाही. गणपतीला सगळे येणार. मुलगा डोंबिवलीला असो, मुलगी पुण्याला असो, चतुर्थीला मूळ घरात एकत्र नाही आले तरी पाच दिवसांत कधी ना कधी सगळी तोंडं एका पडवीत दिसतात, कोकणात सह्या गोळा करायला याच्यासारखा मुहूर्त नाही, जमिनीवाले हेच करतात. तू आधी एकाशी फोनवर बोलून ठेव, आबांकडे नंबर असणारच, पण आबांना डावलून नको, त्यांच्यामार्फतच जा. आणि गाडीचा फोटो पाठवताना जरा धूळ असलेलाच पाठव. धुऊन पुसून चकाचक फोटो पाठवलास की मुलाला वडिलांची आठवण येते, नातू नेटवर रिस्टोअर केलेल्या पद्मिनीचे भाव बघतो आणि दुसऱ्या दिवशी ६० चे अडीच लाख होतात. त्यांच्या बापाची गाडी आहे, त्यांनी आठवण काढू नये असं नाही, पण सडलेल्या फ्लोअरची नि रनिंग बोर्डची पण आठवण त्यांना असू दे.

वारस म्हणतील आम्हाला कशाला हा ताप, असाच घेऊन जा, आम्ही कुठे विचारतोय. तेव्हा त्यांना सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल सांग, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, त्यात गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी विकत गेली होती पण आरटीओत नाव पहिल्याचंच राहिलं होतं, अपघात झाला नि भरपाईची जबाबदारी रजिस्टरवर ज्याचं नाव त्याच्यावर आली. म्हणजे कागद नीट करणं जेवढं तुझ्या फायद्याचं तेवढंच त्यांच्या. हे पटलं की मुंबईची माणसं सही करतात, माझा अनुभव आहे.

एखादा वारस परदेशात असेल तर त्याला तिथल्या भारतीय वकिलातीतून सही साक्षांकित करून कागद पाठवावा लागेल, वेळ जातो पण होतं. एखादा भांडणाने तोंड फिरवून बसला असेल तर मात्र थांब. भावाभावांच्या वादात एका फियाटच्या निमित्ताने तू शिरायचं नाही, घराचा नि बागेचा निकाल लागेल तेव्हा गाडीचा लागेल.

आता तो एजंट. त्याला काय करायचंय ते तुला कळलंय का? कुठेतरी भंगारात गेलेल्या दुसऱ्या पद्मिनीची आरसी तो विकत आणणार, तुझ्या गाडीवरचा चासी नंबर घासून काढणार आणि त्या आरसीवरचा ठोकणार. हे बोगस कागद बनवणं झालं, फसवणूक झाली, आणि ती दुसरी गाडी कधी कुठल्या केसमध्ये असेल तर ती केस पण तुझी झाली. एजंट २५ हजार घेऊन बाजूला होतो, जप्त होते ती तू दोन वर्षं राबून उभी केलेली गाडी. वर एक नुकसान असं की तुझी ही गाडी, जिचं रेकॉर्ड कदाचित ताडदेवला व्यवस्थित जागेवर आहे, ती कायमची मेली, कारण तिचा खरा नंबर तू स्वतः पुसलास. सगळे एजंट असे नसतात, फाइल लावायला, लाइनीत उभं राहायला एजंट घे, पैसे दे, काही वाटून घेऊ नको. पण चासीला हात लावतो म्हणणाऱ्याला चहाही पाजू नको.

व्हिंटेजचं म्हणतोस ते अर्धं बरोबर. २०२१ च्या जुलैपासून नियम आहेत, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात असलेली, बॉडी-चासी-इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली, हिला वेगळा नंबर मिळतो ज्यात व्हीए ही अक्षरं असतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षं व्हॅलिड. १९७९ ची असेल तर २०२९ ला बसेल. पण लोकांना वाटतं व्हिंटेज म्हणजे कागद नसलेल्यांसाठी मागचा दरवाजा, तसं नाहीये, आधी नोंद झालेल्या गाडीला तिथेही जुनी आरसी मागतात, म्हणजे फिरून परत वारसांच्या पडवीतच. आणि व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुला जामसंड्याला बाजारात घेऊन जायची हौस असेल तर साधं रजिस्ट्रेशनच बरं. ते दिल्लीचं दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांचं जे ऐकतोस ते दिल्ली नि आसपासचं, आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून गाडी चालवता येते.

त्या नूतनीकरणाची फी मात्र आता झोंबणारी आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये ६०० ची ५ हजार झाली होती, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला १० हजार. वर उशिराचा दंड, पर्यावरण कर, जुना टॅक्स बाकी असेल तर तो व्याजासकट. गाडी बंद पडलीय, वापरात नाही असं आरटीओला लेखी कळवायची सोय असते पण मांगरात गाडी ढकलताना कुणाला ते सुचतं? त्यामुळे बॅकलॉग एन्ट्री होऊन देणं किती निघतं त्याचा आकडा समोर आल्याशिवाय गाडीचा भाव फायनल करायचाच नाही. पासिंगला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते, ब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर, पीयूसी, सगळं चालू पाहिजे, आणि तिथवर ती ट्रकवर चढवूनच न्यायची, चालवत नाही. देवगडहून ओरोसला टोइंगचं भाडं पण धर. इन्शुरन्स थर्ड पार्टी तरी लागणारच, या सीसीला वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास बसतो, त्यात कुरकुर करू नको.

म्हणून ६० हजार हा कागद असलेल्या गाडीचा भाव आहे. कागद नसलेल्या, वीस पावसाळे खाल्लेल्या फियाटचा भाव म्हणजे भंगाराचा भाव अधिक थोडी माया. माझ्या हिशोबाने वारसांशी असं बोल, किंमत ठरवून घेऊ, आत्ता थोडं टोकन बँकेतून देतो, साध्या भाषेत करारनामा करू की आरसी वारसाच्या नावावर झाली नि २९-३० वर सह्या झाल्या की उरलेले पैसे, आणि रेकॉर्ड मिळालंच नाही तर टोकन परत. आरटीओचा खर्च कोणी करायचा ते पण त्यातच लिही, नाहीतर शेवटी त्यावरून भांडण. रोख पैसे आबांच्या हातात देऊन मोकळा होऊ नको, पण आबांना काहीतरी वेगळं दे, खुशीने, राखणीचे म्हणून, वारसांना सांगून. गाडी टिकली ती त्यांच्यामुळे.

पुळणीचं बोलतोस तर ते डोक्यातून काढ. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ बघ, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी 'किंवा इतर कुठल्याही जागी' चालवायची नाही असं त्यात आहे, त्यामुळे वाडीतला रस्ता आमचाच आहे हे बोलणं चालत नाही. दंड पहिल्या वेळी ५ हजारांपर्यंत, तो एक वेळ भरशील, पण बिनाइन्शुरन्सच्या गाडीखाली कुणाचा पाय आला तर त्याची भरपाई तू कुठल्या कलमावरचे आंबे विकून करणार? आणि पुळणीवर दर सीझनला पर्यटकांच्या गाड्या रुततात, भरती येते, मग गावातलेच लोक दोर लावून ओढतात नि पोलीस केस होते ती वेगळी. शिवाय एवढा गंज मारून उभी केलेली पद्मिनी कुणी परत खाऱ्या पाण्यात घालतं का रे?

हा, रेकॉर्ड मिळालंच नाही तर सगळं संपलं असं नाही. होमस्टेच्या अंगणात शोभेला उभी करायला किंवा पार्टसाठी घेता येते, पण तीही वारसांच्या लेखी परवानगीने आणि भंगाराच्या भावात, आणि तेव्हा तिला रस्त्यावर आणायची नाही हे मनाला आधीच सांगून ठेव. तुझ्यासारख्या हात चालणाऱ्या पोराला ते जमणार नाही असं मला वाटतं. मग त्यापेक्षा कागद असलेली दुसरी पद्मिनी शोध, थोडी महाग पडेल, आणि ही तिला पार्ट पुरवायला.

तोवर गाडीला एवढंच कर, आबांना विचारून. चाकं जमिनीत रुतली असतील तर जॅकवर उचलून चिऱ्यांवर ठेव, बॅटरी असेल तर काढून टाक, टाकीतलं जुनं पेट्रोल उपस, खिडक्या बोटभर उघड्या ठेव आणि ताडपत्री अंगावर गुंडाळू नको, आत दमट कोंडून दुप्पट गंज धरते, छप्पर गळत असेल तर कौलं परतून घे. सेल्फ मारून बघायची खाज सुटेल, मारू नको, आधी प्लग काढून सिलेंडरमध्ये तेल सोड नि हाताने फिरतंय का बघ, हे तुला पंपाच्या कामातून माहीतच असेल. याच्या पलीकडे पाना लावायचा नाही, पार्ट मागवायचे नाहीत, रंगाचं तर नावच नको.

चासी नंबरचा प्रिंट नि एनसीआरबीचा दाखला या आठवड्यात कर, मुंबईत कुणी भाऊबंद असेल तर त्याला ताडदेवला चौकशीला पाठव. वारसांपैकी एकजण मृत्यूचा दाखला घेऊन सोबत गेला तर खिडकीवरचा माणूस जरा ऐकून घेतो. बी एक्स्ट्रॅक्ट मिळाला की त्यावरचं नाव नि एचपीची ओळ काय म्हणते ते मला लिहून पाठव, फॉर्म ३१ च्या फाइलला नेमकं काय काय जोडायचं ते त्यावरून सांगतो.